अर्धा खोकला

१

मंद झालेला कॉम्प्युटर ज्याच्या घरी आहे, असा माणूस मास्तरांना चेहऱ्यावरूनच ओळखू यायचा. व्हायरस शिरलेले लोक घाबरलेले असतात. कीबोर्डवर चहा सांडलेले ओशाळलेले असतात. मंदवाले मात्र नुसते थकलेले असतात. घरात एखादं हट्टी पोर आहे, ऐकत नाही आणि टाकूनही देता येत नाही, अशी त्यांची कळा असते.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. फार पूर्वी त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. क्लास बुडाला, टाइपरायटर भंगारात गेले, पण नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. आता आतल्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे एक टेबल, मागे मोडक्या मॉनिटरांची चळत आणि कोपऱ्यात जुन्या सुट्या भागांचं खोकं. काय कधी कामाला येईल सांगता येत नाही, म्हणून ते काहीच फेकत नसत.

ग्रंथपालबाईंचा फोन आला तेव्हा मास्तर एका लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ फुंकत होते. बाईंचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. वाचनालयात बाईंनी एकदा त्यांना पुस्तकाचं पान दुमडताना पकडलं होतं आणि सगळ्यांसमोर असं झापलं होतं, की त्यानंतर मास्तरांनी जन्मात कधी पान दुमडलं नाही. आता त्या निवृत्त होऊन घरीच असत.

"मास्तर, आमचा कॉम्प्युटर फार मंद झालाय हो," बाई म्हणाल्या. "काहीतरी करा. बघवत नाही."

"दुकानात घेऊन या ना. संध्याकाळपर्यंत पळायला लावतो."

"छे छे, हलवायचा नाही. आणि बंदही करायचा नाही. तुम्हीच या."

मास्तर हसले. अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कुणाला वाटतं, बंद केला तर परत सुरूच होणार नाही. कुणाला वाटतं, हलवला तर आतले फोटो सांडतील. "येतो," ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

२

बाईंचं घर एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. दारातून आत गेलं की बैठकीची खोली, तिथून आत जाणारा अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला एक बंद दार. कॉम्प्युटर बैठकीत नव्हता. बोळातच, त्या दाराला लागून, एका उंच स्टुलावर ठेवला होता. त्याची वायर भिंतीला टाचून व्यवस्थित नेली होती. ग्रंथपालबाईंचं काम, त्यात कुठे गुंता असायचा नाही.

"इथे का ठेवलाय? अंधार आहे की."

"इथेच बरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आवाज जरा खाली आणला. "हे आत असतात."

त्यांचे यजमान आजारी असल्याचं मास्तरांच्या कानावर होतं. मोठं ऑपरेशन झालं होतं म्हणे, तेही लांबच्या शहरात. त्यांनीही आवाज खाली आणला आणि खुर्ची पुढे ओढली.

मशीन खरोखरच म्हातारं होतं. रॅम इतकी कमी, की हल्लीच्या फोनमध्येसुद्धा त्याहून जास्त असते. बाण हलवावा आणि तो पडद्यावर पोचेपर्यंत वाट बघत बसावं. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा एकसारखा पेटून होता आणि आतून उंदराने फळी कुरतडावी तसा आवाज येत होता. मास्तरांनी तो आवाज ऐकूनच निदान केलं. टेबल लहान पडलं की माणूस कागद जमिनीवर मांडतो आणि मग दर वेळी खाली वाकून उचलतो. रॅम संपली की कॉम्प्युटर तेच करतो. सगळं सामान डिस्कवर ठेवतो आणि दर वेळी तिथून आणत बसतो.

"एवढं काय चालवता यावर?"

"मी? मी काही चालवत नाही," बाई म्हणाल्या. "मी तर हातसुद्धा लावत नाही."

मास्तरांनी आत काय काय चालू आहे ते पाहिलं. नेहमीचाच पसारा होता. फक्त एका ओळीला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती रिकामी जागा होती आणि जवळजवळ सगळी रॅम ती एकटीच खात होती.

त्याच वेळी आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.

म्हणजे खोकायला लागलं. "खॉ" असा अर्धा आवाज झाला आणि तिथेच थांबला. डिस्क कुरकुरत राहिली, लाल दिवा पेटून राहिला. बऱ्याच वेळाने दिवा एकदा विझला आणि राहिलेला खोकला बाहेर पडला. जिथे तुटला होता, अगदी तिथूनच.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही ऐकलंय असं वाटत नव्हतं. त्या चहा आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

आजारी माणसाचा खोकला, अडकतो कधी कधी. मास्तरांनी स्वतःची समजूत घातली आणि कामाला लागले. त्या बिननावाच्या ओळीला त्यांनी हात लावला नाही. घरच्यांचं काही असलं तर उगीच पंचाईत. बाकीचं मात्र सगळं झाडून काढलं. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यातला एक उडवला. सुरू होताना आपोआप चालू होणारे दहा ठिकाणचे प्रोग्राम बंद केले. कचरा फाइली पुसल्या. पडद्यावरची शोभा, सावल्या, सरकणाऱ्या खिडक्या, सगळं काढून टाकलं. हळूहळू बाण बोटाबरोबर हलू लागला. डिस्कची कुरकुर कमी झाली. लाल दिवा श्वास घेतल्यासारखा विझू-पेटू लागला.

आत सपातांचा आवाज झाला. फट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, फट्.

बाई कप हातात घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

"बघा," त्या म्हणाल्या, "चालायला लागले."

"लागणारच," मास्तर म्हणाले. "नुसता कचरा होता हो आत."

जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की बाई 'चालायला लागला' म्हणाल्या नव्हत्या.

३

"तुझ्या कानात पंख्याची धूळ गेलीये," मास्तरांची बायको म्हणाली. दोघं एका वर्गात शिकलेली, त्यामुळे बाहेर सगळे 'मास्तर, मास्तर' करत असले तरी घरात ती त्यांना अरे-तुरेच करायची. ती हॉस्पिटलात व्यायाम शिकवायची. पडलेल्या, ऑपरेशन झालेल्या लोकांना पुन्हा उभं करणं हा तिचा रोजचा उद्योग.

"खोकल्याचं सोड. पण पावलं? एक पाऊल टाकायचं आणि मग इतका वेळ थांबायचं?"

"माझ्याकडे येतात की असे. वॉकर घेऊन."

"वॉकरचा आवाज नव्हता."

तिने हातातला टॉवेल झटकून दोरीवर टाकला आणि जरा विचार केला. "पाय घासत चालतो तो माणूस?"

"नाही. उचलून टाकतो. फट् वाजतं ना."

"मग नाही जमणार," ती म्हणाली. "पाय उचलला की सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं. धडधाकट माणूससुद्धा फार वेळ तसा उभा राहू शकत नाही, लटपटायला लागतो. आजारी माणूस तर आडवाच होईल. तू मधला आवाज ऐकला नसशील."

"तसंच असेल."

"तसंच आहे. आणि गिऱ्हाइकाच्या आतल्या खोलीकडे कान लावून बसतोस, शोभत नाही हे."

दोघं हसली. मास्तरांनाही बरं वाटलं. गोष्ट बोलून टाकली की तिचा जीव जातो, तसं झालं. फक्त जेवताना एकदा शेजाऱ्यांच्या घरातून कुणीतरी खोकलं, तेव्हा त्यांचा हात ताटावरच थांबला. अख्खा खोकला संपेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही.

४

काही दिवसांतच बाईंचा पुन्हा फोन आला.

"मास्तर, परत तसंच झालं. आधीपेक्षा वाईट. उभे राहतात आणि तसेच राहतात. मला झोप नाही हो."

या वेळी शब्द स्पष्ट होते. मास्तरांनी ते ऐकूनही ऐकले नाहीत. आजाऱ्याची सेवा करणारं माणूस दमलं की काहीही बोलतं. त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्यात हात घातला, उलथापालथ केली आणि त्या म्हाताऱ्या मशीनला बसेल अशी रॅमची एक जुनी पट्टी शोधून काढली. तिची सोनेरी टोकं काळवंडली होती. खोडरबराने घासून त्यांनी ती चकचकीत केली आणि खिशात घातली.

"ही बसवली की तक्रारच राहणार नाही," बाईंच्या घरी पोचल्यावर त्यांनी पट्टी दाखवली. "पण त्यासाठी बंद करावा लागेल."

बाईंचा चेहरा पडला. "किती वेळ?"

"चहा गाळेपर्यंत होईल."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग आतलं दार थोडंसं उघडून त्यांनी फटीत तोंड नेलं आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "थोडाच वेळ हं. घाबरायचं नाही. मी इथेच आहे." आणि मास्तरांकडे वळून मान हलवली. दार त्यांच्याकडून नीट लागलं नाही.

मास्तरांनी मशीन बंद केलं.

पंखा हळू होत होत थांबला आणि घरात एकदम शांतता पसरली. एवढी शांतता, की आधी घरात किती आवाज होते ते आता कळलं. आतून कसलीतरी एकसारखी घरघर येत होती, झोपेतल्या श्वासासारखी. ती मघापर्यंत त्यांना जाणवलीच नव्हती. आता ती नव्हती.

कॅबिनेट उघडण्यासाठी मास्तर जमिनीवर गुडघे टेकून बसले. त्यांचं डोकं दाराच्या फटीच्या पातळीला आलं. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण स्क्रू हातातून निसटून दाराकडे घरंगळला आणि तो घ्यायला ते वाकले.

फटीतून फरशी दिसत होती. फरशीच्या वर एक सपात होती. तिच्यात पाय होता. टाच वर, चवडा वर, अख्खं पाऊल जमिनीपासून वीतभर उंच. घोट्यावर करड्या पायजम्याची किनार. तो पाय हलत नव्हता, लटपटत नव्हता. कुणीतरी पुढचं पाऊल टाकायला निघालं होतं आणि मध्येच राहिलं होतं.

मास्तरांनी स्क्रू उचलला. दाराच्या मागे खुंटी असेल, ते मनाशी म्हणाले, खुंटीवर पायजमा टांगला असेल, खाली सपात अडकली असेल. अडकते की. त्यांनी पट्टी खाचेत दाबली. दोन्ही बाजूंच्या कळा कट्कन बसल्या. झाकण न लावताच त्यांनी बटण दाबलं.

पंखा घुमला. पडदा उजळला. मशीन चांगलंच चपळ झालं होतं, एवढ्या लवकर ते कधी जागं झालं नसेल.

फट्, आत पाऊल पडलं. आणि लगेच दुसरं. आणि तिसरं.

"कोण आलंय गं?" आतून पुरुषाचा आवाज आला. थोडा घोगरा, पण स्वच्छ, एका दमात.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. "अख्खं वाक्य!" त्या म्हणाल्या. "मास्तर, अख्खं वाक्य बोलले हे!"

मास्तरांनी पिशवी उचलली. स्क्रू-ड्रायव्हर तिथेच राहिला, तो घ्यायला ते थांबले नाहीत.

५

इमारतीच्या फाटकापाशी एक सिमेंटचं बाक होतं. त्यावर एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. शेजारी फळांची पिशवी. अंगातले कपडे त्यांना फार मोठे होत होते, जणू कुण्या जाड माणसाचे मागून आणलेत.

"अहो दुरुस्तीवाले," त्यांनी हाक मारली. आवाज बसलेला, जेमतेम ऐकू येणारा. "वरून आलात? ग्रंथपालबाईंकडून?"

"हो. तुम्ही?"

"मी तिचा नवरा."

मास्तर उभ्या उभ्या गार पडले. मग त्यांना हसू आलं, म्हणजे तोंड तसं झालं. "यजमान तर वर आहेत त्यांचे. आत्ताच आवाज ऐकला मी."

"ऐकला असेल," म्हातारे म्हणाले. त्यांना नवल वाटलं नाही, राग आला नाही. "बसा. पडाल नाहीतर."

मास्तर बसले.

"ऑपरेशनला मी तिकडे लांब होतो. तिला प्रवास झेपत नाही. रोज त्या कॉम्प्युटरवरून बोलायचो आम्ही. मशीन जुनं, चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. पण ती धरून बसायची. मला तोंड उघडवत नसायचं, पण तिला बरं वाटतं म्हणून बोलायचो." ते थांबले, काठीवरचा हात बदलला. "एकदा मला फार लवकर गुंगी आली. दुसऱ्या दिवशी ती म्हणते, काल किती छान बोलत होतात तुम्ही, रात्र झाली तरी थांबेनात. मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल तुला. हसलो आम्ही."

"मग?"

"मग घरी आलो. दार वाजवलं. तिने उघडलं आणि म्हणाली, कोण पाहिजे?"

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. म्हाताऱ्यांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"माझी ही दशा. निम्मा राहिलोय. आवाज हा असा. तिचा दोष नाही. मी आत शिरलो, तर मी खुर्चीत बसलेलो होतो. आजाराआधीचा. अंगाने भरलेला. खरं सांगतो, मला स्वतःलाही तोच जास्त पटला."

"अहो, काय बोलताय!"

"त्याने मान वळवली. वळवायला इतका वेळ लावला, की मला सगळं नीट बघता आलं. चेहऱ्याचे भाग एकदम येत नव्हते. ओठ आधी हलले, हसू मागून आलं. मग तो उठायला लागला. मी मागे मागे सरलो. मला नीट चालता येत नव्हतं हो, भिंतीला धरून सरकत होतो. पण तो माझ्याहून हळू होता." म्हाताऱ्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "हळू होता म्हणून मी जिन्यापर्यंत पोचलो."

मास्तर बाकाच्या कडेला सरकले.

"बहिणीकडे असतो मी. दिवसातून एकदा इथे येऊन बसतो. तिला फळं पाठवतो वर. कोण देतं, तिला ठाऊक नाही. म्हटलं, मशीन जुनं आहे, आज ना उद्या आपोआप थांबेल. तोवर तो तिला काही करायचा नाही, एवढा वेगच नाही त्याला." मग त्यांनी मास्तरांच्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही कशाला गेला होतात वर?"

मास्तरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मेमरी वाढवली," शेवटी ते म्हणाले.

म्हाताऱ्यांनी वर, खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधीच पांढरा होता, त्याला आणखी पांढरं व्हायला जागा नव्हती.

६

मास्तर दोन दोन पायऱ्या ओलांडत वर पोचले. मागे जिन्यात काठीची टकटक आणि धाप ऐकू येत होती. मध्ये मध्ये ती थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.

त्यांनी दारावर थापा मारल्या. बाईंनी दार उघडलं, अर्धंच. त्यांनी केस नीट विंचरले होते आणि त्या अचानक तरुण दिसत होत्या.

"बाई, जरा खाली चला. एक मिनिट. तुमचे मिस्टर खाली आलेत."

"काहीतरीच काय! हे आत आहेत."

त्यांच्या मागे घरात पावलं वाजत होती. फट्फट्फट् बोळातून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून परत. बाईंच्या खांद्यावरून मास्तरांना बैठकीचा एक तुकडा दिसत होता आणि पावलं त्या तुकड्यातून गेली, हे त्यांनी कानांनी ऐकलं. डोळ्यांना कुणी दिसलं नाही.

"मग मला आत येऊ द्या. पट्टी चुकीची बसली. काढून नेतो."

"मुळीच नाही." बाईंचा तो जुना, वाचनालयातला आवाज. "हात लावायचा नाही."

विजेचे मीटर जिन्याच्या वळणावरच होते, घरागणिक एक. बाईंचं नाव लिहिलेल्या मीटरखालचा खटका मास्तरांनी शोधला आणि खाली ओढला.

घरातला दिवा गेला. फ्रिजची गुणगुण थांबली. बोळातल्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत मंद झाला आणि बंद पडला. पावलंही थांबली.

मास्तरांनी भिंतीला पाठ टेकली. जीव भांड्यात पडला. बाई दारात उभ्या होत्या, गोंधळलेल्या, मागे अंधारलेल्या घराकडे बघत. आता त्यांना हाताला धरून खाली न्यायचं, एवढंच उरलं होतं. काठीची टकटक शेवटच्या पायऱ्यांवर आली. म्हातारे कठड्याला धरून वर चढले, आणि नवरा-बायको समोरासमोर आले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ते मोठे होणारे कपडे, तो हात, ती उभं राहण्याची तऱ्हा. काहीतरी ओळखीचं सापडल्यासारखं त्यांचे डोळे बारीक झाले. "तुम्ही..." त्या म्हणाल्या.

आतल्या अंधारात कुणीतरी खोकलं. मोकळा, अख्खा खोकला.

आणि मग जिन्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना खोकल्याची उबळ आली. तोच खोकला. तशाच दोन ढासा, तसाच शेवटी घसा साफ करणं. पण मागून.

मास्तरांनी मीटरकडे पाहिलं. खटका खालीच होता.

"अगं, मी आलोय," आतला आवाज म्हणाला. भरदार, मायेने ओथंबलेला. "चल ना."

म्हाताऱ्यांचे ओठ हलले. "अगं, मी आलोय," ते म्हणाले, त्या बसलेल्या आवाजात. "चल ना." आणि बोलून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं, की मास्तरांना तिकडे बघवेना. जे बोलायला म्हणून माणूस एवढा जिना चढून आला, ते त्याच्याआधी कुणीतरी बोलून गेलं होतं.

बाईंच्या कपाळावरची आठी गेली. कोण कुणाची नक्कल करतंय, हे त्यांच्या दृष्टीने आता स्पष्ट झालं होतं. त्या किंचित हसल्या, अनोळखी माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसावं तशा.

"बाई, आत जाऊ नका!" मास्तर पुढे झेपावले.

दाराच्या आतल्या चौकटीवर एक हात होता. आधी नव्हता आणि मग होता. मध्ये तो येताना दिसला, असं काही घडलंच नाही. गुबगुबीत, निरोगी, नखं नीट कापलेला हात. मग तो बाईंच्या खांद्यावर होता. मग दार बंद होतं.

७

मास्तरांनी दार वाजवलं, धक्के मारले, हाका मारल्या. शेजारचं दार उघडलं, शेजारीण डोकावली आणि नवरा-बायकोचं भांडण असेल म्हणून परत आत गेली. दाराच्या पलीकडे बाई काहीतरी सांगत होत्या, भरभर, आनंदाने. कुणीतरी त्यांना उत्तर देत होतं, त्यांचं वाक्य पुरं होण्याच्या आधीच.

मग बाईंचा आवाज थांबला. तो मधेच तुटला की त्यांनी स्वतः बोलणं संपवलं, हे मास्तरांना ठरवता आलं नाही. ते कान लावून थांबले. राहिलेलं वाक्य काही आलं नाही.

म्हातारे पायरीवर खाली बसले होते, काठी मांडीवर आडवी. मास्तर त्यांच्यापाशी आले. "उठा," ते म्हणाले, "पोलिसांकडे जाऊ. कुणालातरी घेऊन येऊ. दार फोडू."

म्हातारे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. काहीतरी ऐकू येण्याची वाट बघावी, तसे.

दाराला आतून अगदी लागून, जणू ओठ लाकडाला टेकवून, तो भरदार आवाज बोलला.

"निघा आता, मास्तर. तुमचे फार उपकार झाले."

जिन्यात पुन्हा शांत झालं. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मास्तरांनी म्हाताऱ्यांचा हात धरला. तो गार होता. खाली बाकावर त्यांनी 'दुरुस्तीवाले' अशी हाक मारली होती. मास्तर हे नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हाताऱ्यांनी मान वर केली. आधी ओठ हलले.

"निघा आता, मास्तर," ते म्हणाले.

आणि मग, मागून, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.